सगळ्यांचं नेट चालू, सर्व्हर मात्र गायब!

आजचा विषय थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. हातात मोबाइल असेल तर यातलं बरंचसं तुम्ही ऐकता ऐकताच करून बघू शकता. छोट्या ऑफिसातला सर्व्हर, त्याला दिलेला स्टॅटिक आयपी, आणि तो सर्व्हर एके दिवशी अचानक दिसेनासा झाला तर काय करायचं, हे आज बघू.

मी कोपरखैरणे, बोनकोडे, घणसोली या पट्ट्यात नेटवर्कची कामं करतो. ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे एमआयडीसी आहे. महापे, रबाळे भागात मोठमोठी डेटा सेंटर्स उभी आहेत. आणि इकडे बोनकोडे गावठाणात, खेटून उभ्या असलेल्या इमारतींमध्ये, खाली दुकान आणि वर ऑफिस. तिथला 'सर्व्हर' म्हणजे टेबलाखाली ठेवलेला साधा डेस्कटॉप. शेजारी यूपीएस, वर धूळ, आणि 'बंद करू नये' असा कागद चिकटवलेला. पण सगळ्या ऑफिसचा जीव त्यातच असतो.

असंच एक टॅक्सचं ऑफिस. सहा-सात माणसं. एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांचे जीएसटीचे हिशेब ते बघतात. महिन्याची १० तारीख, संध्याकाळची वेळ. आता १० तारखेचं महत्त्व काय? तर ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ भरायचं असतं. ते चुकलं तर १४ तारखेला तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी मध्ये खरेदीदाराला त्या बिलांचं क्रेडिट दिसत नाही. मग खरेदीदार म्हणतो, 'आधी बिल दाखवा, मग पेमेंट.' म्हणजे टेबलाखालचा डबा बंद पडला, की तिकडे वर्कशॉपमधल्या कामगाराच्या पगाराला उशीर होऊ शकतो.

मला फोन आला. "दादा, सगळ्यांचं नेट चालू आहे, पण टॅली उघडत नाही. सर्व्हर उडाला वाटतं. एक जण म्हणतोय फॉरमॅट मारावा लागेल."

म्हटलं, "ताई, फॉरमॅट कोणी मारू नका. आज दिवसभरात काय बदललं ते सांगा."

"काहीच नाही."

"नेटवाला आला होता का?"

"हो, दुपारी नवीन राउटर लावून गेला. पण नेट तर मस्त चालू आहे!"

बघा, निम्मं निदान इथेच झालं. नेटवर्कच्या तक्रारीत पहिला प्रश्न 'काय बिघडलं?' असा विचारू नका, 'काय बदललं?' असा विचारा. आणि 'काहीच नाही' या उत्तरावर थांबू नका. राउटर, वायर, नवीन प्रिंटर, नवीन सीसीटीव्ही, एकेक नाव घेऊन विचारा.

आता आयपी ॲड्रेस म्हणजे काय ते पटकन समजून घेऊ. त्या सर्व्हरचा पत्ता होता १९२.१६८.१.५०. पहिले तीन आकडे म्हणजे इमारतीचं नाव समजा आणि शेवटचा आकडा म्हणजे फ्लॅट नंबर. सबनेट मास्क म्हणून २५५.२५५.२५५.० लिहिलेलं असतं ना, ते हेच सांगतं, की पहिले तीन आकडे इमारतीचे. आणि गेटवे म्हणजे इमारतीचं फाटक. बाहेर जायचं तर तिथूनच. हे फाटक म्हणजे आपला राउटर.

फोन आणि लॅपटॉप राउटरकडून आपोआप पत्ता घेतात. त्याला डीएचसीपी म्हणतात. रोज वेगळा फ्लॅट मिळाला तरी त्यांचं काही अडत नाही, कारण त्यांना कोणी शोधत येत नाही. सर्व्हरचं तसं नाही. सगळे त्यालाच शोधत येतात, म्हणून त्याचा पत्ता हाताने कायमचा लिहून ठेवतात. हाच स्टॅटिक आयपी.

मी ताईंना फोनवरच सांगितलं, "मोबाइलच्या सेटिंग्समध्ये जा, वाय-फायमध्ये तुमच्या नेटवर्कच्या नावावर टॅप करा आणि आयपी ॲड्रेस वाचून दाखवा." त्यांनी वाचला, १९२.१६८.२९ आणि पुढे काहीतरी. तुम्हीही आता बघा बरं तुमचा काय येतो.

कळलं का झालं काय? नवीन राउटरने इमारतीचं नावच बदललं. फोन, लॅपटॉप सगळे नव्या इमारतीत राहायला गेले, त्यांना पत्ता आपोआप मिळाला, म्हणून नेट मस्त चालू. सर्व्हर मात्र जुन्याच पत्त्यावर बसून राहिला, आणि ज्या फाटकावर त्याचा भरवसा होता, ते १९२.१६८.१.१, ते जुन्या राउटरबरोबर निघून गेलं. सर्व्हरला काहीही झालेलं नव्हतं.

मी तिथे गेलो. समोर दोन रस्ते होते. एक म्हणजे सर्व्हरचा पत्ता बदलायचा. पण मग सहा कॉम्प्युटरवर टॅलीच्या डेटाचा रस्ता बदला, प्रिंटर बदला, हजेरीचं मशीन बदला, कारण तेही सगळे स्टॅटिक. दुसरा म्हणजे राउटरचाच पत्ता पूर्वीसारखा करायचा. एका जागी एक बदल. मी दुसरा घेतला. राउटरच्या खालच्या स्टिकरवर त्याचा पत्ता आणि पासवर्ड असतो. ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला, लॉगिन केलं, लॅन सेटिंगमध्ये १९२.१६८.१.१ लिहिलं, सेव्ह केलं. त्याआधी जुन्या सेटिंगच्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढला. ही सवय तुम्हीही लावा. काही उलटसुलट झालं तर परत यायची वाट हवी.

मग सगळ्या मशीनचं कनेक्शन एकदा काढून परत जोडलं आणि तपासायला लागलो. तपासायचं कसं, तर पिंगने. अमेरिकेतल्या माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला हा छोटासा प्रोग्रॅम आहे. पाणबुडी शोधायला आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकतात, तसाच प्रकार. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, पिंग लिहा, पुढे पत्ता. समोरून उत्तर आलं की रस्ता सुरू.

पिंग करताना क्रम जवळून लांब असा ठेवा.

सगळ्यात आधी केबल. लॅन पोर्टवरचा दिवा लागतोय का? प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली असेल तर वायर दिसायला जागेवर असते, पण आत बसलेली नसते.

मग आयपीकॉन्फिग कमांड देऊन सर्व्हरचा स्वतःचा पत्ता बघा. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर कोणीतरी सेटिंग 'ऑटोमॅटिक' करून ठेवलंय आणि राउटरकडून उत्तर आलेलं नाही.

मग गेटवेला पिंग. उत्तर नाही, तर गडबड ऑफिसच्या आतच आहे. नेटवाल्याला फोन करून उपयोग नाही.

मग बाहेर, ८.८.८.८ ला पिंग. गेटवे उत्तर देतो आणि हा देत नाही, तर आधी सर्व्हरवर लिहिलेला गेटवे बरोबर आहे का बघा. तो बरोबर असेल आणि बाकीच्यांचंही नेट बंद असेल, तेव्हा नेटवाल्याला फोन.

शेवटी एखाद्या वेबसाइटच्या नावाला पिंग. आकड्याला उत्तर येतं पण नावाला नाही, तर डीएनएस बघा. स्टॅटिक आयपी देताना डीएनएसचा रकाना रिकामा राहिला की हमखास असं होतं.

त्या ऑफिसात सर्व्हरवरून हे सगळे पिंग व्यवस्थित आले. पण बाकीच्या कॉम्प्युटरवरून सर्व्हर अजूनही दिसेना! इथे बरेच जण गोंधळतात. गंमत अशी, की राउटर नवीन आला की आकडे तेच असले तरी विंडोज त्याला नवीन नेटवर्क समजतं आणि बऱ्याचदा 'पब्लिक' प्रकारात टाकतं, म्हणजे रेल्वे स्टेशनवरचं वाय-फाय असावं तसं. मग फायरवॉल शेअर केलेलं फोल्डर लपवते आणि पिंगलाही उत्तर देत नाही. म्हणून पिंग आलं नाही म्हणजे मशीन मेलं, असं लगेच धरू नका. नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन 'प्रायव्हेट' केलं, आणि टॅली उघडलं. फायरवॉल पूर्ण बंद करायची गरज नसते, आणि ती करूही नका.

दुसऱ्या दिवशी त्यांची सगळी रिटर्न्स वेळेत गेली. पण निघण्याआधी एक काम बाकी होतं. नवीन राउटर २ पासून २५४ पर्यंतचे सगळे नंबर वाटायला बसला होता. त्यात ५० पण आला! उद्या सर्व्हर बंद असताना एखाद्या पाहुण्याच्या फोनला ५० नंबर मिळाला, की एकाच फ्लॅटवर दोन दावेदार. मग सर्व्हर कधी दिसतो, कधी गायब. हा बिघाड सगळ्यात डोकं खातो. उपाय सोपा आहे. डीएचसीपीची रेंज १०० ते २०० करा आणि स्टॅटिक पत्ते त्याच्या बाहेर ठेवा.

आता जरा वेगळा मुद्दा. नेट कंपनी महिन्याला जादा पैसे घेऊन 'स्टॅटिक आयपी' देते, तो हा नव्हे. १९२.१६८ वाले पत्ते खाजगी. ते आतल्या नेटवर्कच्या वापरासाठी राखून ठेवलेत, तुमच्याकडेही तेच, शेजाऱ्याकडेही तेच. कंपनी देते तो पब्लिक पत्ता, जगात एकमेव. जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी, आणि आशिया-पॅसिफिकचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच संपत आला. म्हणून कंपन्या बऱ्याच ग्राहकांना एकाच पब्लिक पत्त्यामागे बसवतात. राउटरच्या वॅन पानावर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर तुम्हीही त्या रांगेत आहात. मग घरून ऑफिसचा सर्व्हर उघडायचा कितीही प्रयत्न करा, थेट रस्ताच नाही.

आणि पब्लिक पत्ता घेतलात, तर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ नंबरचा पोर्ट सरळ इंटरनेटवर उघडून देऊ नका. असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. पासवर्ड सापडला की रॅन्समवेअर आत येतं आणि सगळा हिशेब कुलूपबंद. घरून काम करायचं तर व्हीपीएन लावा.

तर आजचा गृहपाठ. तुमच्या ऑफिसात, दुकानात, काकांच्या वर्कशॉपमध्ये असा सर्व्हर असेल तर एक कागद घ्या. त्यावर सर्व्हरचा आयपी, सबनेट मास्क, गेटवे, डीएनएस आणि डीएचसीपीची रेंज लिहा. खाली तारीख टाका आणि कागद सर्व्हरवरच चिकटवा. नेटवाला राउटर बदलायला आला की हा कागद त्याच्या हातात द्या आणि सांगा, 'नवीन राउटरवर हेच आकडे पाहिजेत.' तो जाईपर्यंत एकाने टॅली उघडून बघायचं. नुसतं यूट्यूब चालतंय म्हणून सही करायची नाही.

तुमच्याकडे काही वेगळंच अडलं असेल तर तेही लिहून पाठवा, फक्त पासवर्ड पाठवू नका. आणि हा भाग अशा एकाला नक्की फॉरवर्ड करा, ज्याच्या ऑफिसात काहीही अडलं की कोणीतरी पहिल्यांदा रीसेटचं बटण दाबतो. भेटू पुढच्या भागात!