चवदार तळ्याचा खटला आणि आपला निधी



‘करिअर’वर बोल, असं संयोजकांनी सांगितलं. माझं सांगण्यासारखं फारसं नाही. अभियांत्रिकीची पदवी, मग वीस वर्षं सॉफ्टवेअर. त्यापेक्षा आपल्या महाडशी बांधलेल्या एका वकिलाबद्दल बोलते.

चवदार तळ्यावरून आपण रोज शाळेत यायचो. २० मार्च १९२७ ही तारीख सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतर दहा वर्षं चाललेल्या खटल्याबद्दल मात्र आपण क्वचितच बोलतो.

बाबासाहेब १९२२ साली लंडनला बॅरिस्टर झाले, पण मुंबईत वकिलीची सनद काढायला पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली, तेव्हा कुठे १९२३ साली वकिली सुरू झाली. अशील बहुतेक गरीब, म्हणून जोडीला बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवायचा. आणि परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेचं काम.

डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा तळ्यावर जायचं ठरलं, तेव्हा काही सवर्णांनी इथल्या दिवाणी कोर्टातून मनाईहुकूम आणला. प्रतिवादी खुद्द बाबासाहेब. हजारो माणसं जमलेली असताना त्यांनी सत्याग्रह तहकूब केला आणि खटला लढवला. महाडचा निकाल १९३१ साली बाजूने लागला. मग ठाण्याला अपील, मग हायकोर्ट. शेवटचा निकाल १७ मार्च १९३७ चा. वादी म्हणत होते, ही अनादि काळापासूनची रूढी आहे. कोर्टाने म्हटलं, तसं सिद्ध झालेलं नाही. संपलं! इतका कोरडा निकाल, पण माझ्यासारख्या इंजिनिअरला तो फार भावतो.

आता पैशांचं. आपल्या बॅचच्या निधीतून संगणक कक्ष व्हावा असं बऱ्याच जणांचं मत आहे. माझ्याच धंद्याची गोष्ट, तरी मी म्हणते, निम्मी रक्कम बाजूला ठेवू. आपल्या शाळेतून गेलेली, कायदा शिकून तालुका कोर्टात उभी राहणारी एखादी मुलगी असेल, तर तिची सनद आणि पहिली तीन वर्षं आपण सांभाळायची. त्या वर्षांत वकिलाच्या हातात फारसं काही पडत नाही, हे इथले वकील मित्र सांगतीलच.

चहाच्या टेबलावर वही ठेवली आहे. पहिल्या ओळीत माझं नाव आणि रक्कम लिहिली आहे.