प्रवासांतली लेखनपेटी

प्रवास म्हटला कीं वळकटी, तांब्या आणि शिदोरी आठवते. लेखणीची आठवण सहसा होत नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज प्रवासी घर सोडतांना कपड्यांच्या ट्रंकेइतकीच काळजी आणखी एका पेटीची घेई. ती त्याची लेखनपेटी. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळांत, तिचा मोठा प्रसार झाला. पण त्याआधींच्या पिढीच्या लष्करी तळांवरही ती नांदत होती.

मिटलेली असतांना ती केवळ एक चौकोनी लांकडी पेटी दिसे. लांकूड महॉगनी किंवा शिसवी. कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. या पट्ट्या नुसत्या शोभेच्या नसत. बैलगाडीचे हिसके आणि येथील ऊन-पाऊस यांनीं सरसाचे सांधे सुटूं लागत, ते त्या आवळून धरीत. झांकण उलटलें कीं दोन्ही भाग मिळून मखमल वा चामडें लावलेला उतार तयार होई. पेढीवरील मुनिमाच्या डेस्कासारखाच. उताराखालीं कोरे कागद. वरच्या खणांत कांचेची दौत, पिसाच्या लेखण्या, लाखेची कांडी. दौतीचें टोपण घट्ट बसवावें लागे, नाहीं तर एका ठेंचेसरशीं सारा पत्रव्यवहार काळा व्हावयाचा! कांहीं पेट्यांत फळीआड चोरकप्पाही असे.

मराठी कारकुनाची सिद्धता याहून सुटसुटीत होती. दौत जोडलेलें पितळी कलमदान कमरेस खोंवलें, त्यांत बोरू घातले, कीं कचेरी निघाली. मांडी घालून, गुडघ्यावर कागद धरून तो मोडी लिही आणि ओल्या शाईवर वाळू टाकी.

या दोन्ही परंपरा आजच्या जालना जिल्ह्यांतील असई येथें समोरासमोर आल्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं केळणा व जुई या नद्यांमधील पट्ट्यांत शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशीं आर्थर वेलस्लीची लढाई झाली. वेलस्लीचीं दीड हजारांहून अधिक माणसें मृत वा जखमी झालीं. त्याचा एक घोडा गोळीनें पडला, दुसरा भाल्यानें घायाळ झाला. तरी दुसऱ्याच दिवशीं त्यानें असईच्या तळावरून गव्हर्नर-जनरलला, म्हणजे आपल्या वडील बंधूस, सविस्तर पत्र लिहिलें. हाच वेलस्ली पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. १८३४ पासून गरवुडनें त्याचे खलिते खंडशः छापले, त्यांत हें पत्रही आलें.

जिंकणाऱ्याच्या पेटींतलें पत्र ग्रंथांत जातें. हरणाऱ्याच्या दफ्तराचे रुमाल वाटेंत विखुरतात. म्हणून असईची हकीकत जग आजही बव्हंशीं एकाच बाजूच्या लेखणींतून वाचतें. त्या पत्रांत गांवाचें नांव आहे; गांवकऱ्यांपैकीं कोणाचें नाहीं.

पुढें १८५४ सालीं हिंदुस्थानांत अर्ध्या आण्यांत पत्र जाऊं लागलें. खलित्यांची पेटी आईला आणि बहिणीला पत्रें लिहिण्याच्या कामीं आली. १८८४ सालीं वॉटरमननें आपल्या फाउंटन पेनाचें पेटंट मिळविलें. शाई लेखणीच्याच पोटांत राहूं लागली, तेव्हां दौत आणि तिला सांभाळणारी पेटी दोन्ही हळूहळू निरुपयोगी ठरल्या.

इंग्रजी पेट्या आज जुन्या वस्तूंच्या बाजारांत मोठ्या किंमतीला जातात. आपलीं कलमदानें मात्र मोडींत निघालीं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणीं जुन्या दौती जपल्या गेल्या, हें भाग्यच. माळ्यावर एखादें काळवंडलेलें कलमदान सांपडलें, तर तें तांबटाकडे देण्यापूर्वी त्याच्या शेजारचा रुमाल सोडून पाहावा. असईची दुसरी बाजू अशाच एखाद्या रुमालांत असूं शकेल.