नाक्यावरची फुंकर आणि कोर्टातला पुरावा



थर्टी फर्स्टची रात्र उलटली की पुढच्या कामाच्या दिवशी दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टाबाहेर रांग लागते. रांगेत रिक्षावाला असतो, टेम्पोचालक असतो, कॉलेजातला पोरगा असतो आणि बँकेतला अधिकारीही. नाव पुकारलं जातं, आरोप वाचला जातो, ‘गुन्हा कबूल?’ असं विचारलं जातं, ‘कबूल, साहेब’ असं उत्तर येतं आणि माणूस दंड भरायला खिडकीकडे वळतो. एकेका आसामीला दोन-तीन मिनिटं पुरतात. त्यातल्या अनेकांच्या बाजूला वकील उभा असतो आणि त्याचा सल्ला एका ओळीचा असतो: कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा.

मोकळा त्यातला कुणीच होत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम १८५ दर १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल आढळलं की लागू होतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांपर्यंत होता, त्यामुळे ‘भरून टाका’ हा सल्ला त्या काळाची सवय म्हणून चालत आला असावा. पण १८५ हे चौकात तडजोड शुल्क भरून मिटणाऱ्या कलमांत बसत नाही. ते कोर्टातच जातं. आणि कबुलीवर दोषसिद्धी झाली की कलम २० (२) समोर येतं. तिथे न्यायालयाने किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवावं असं लिहिलेलं आहे. टेम्पोचालकासाठी ही सहा महिन्यांची बेकारी आहे. शिवाय दुसऱ्या वेळच्या वाढीव शिक्षेचा पाया त्या दोन मिनिटांत घातला जातो. अशिलाला हे सगळं न सांगता कबुली द्यायला लावणं ही वकिली नव्हे.

याचा अर्थ प्रत्येक खटला लढवावा असा नाही. मशिनचा आकडा १४० असेल, कागद स्वच्छ असतील आणि माणूस खरोखर प्यालेला असेल, तर समजून-उमजून दिलेली कबुली हाच प्रामाणिक मार्ग. ती समजून दिली जाते की नाही, एवढंच या भाषणाचं म्हणणं आहे. आणि समजायचं तर कागद वाचावे लागतात.

मशिनमधून निघणारी ती अरुंद चिठ्ठी हा पहिला कागद. तिच्यावर यंत्राचा क्रमांक, तारीख, वेळ आणि आकडा हे तपशील असायला हवेत. चाचणी घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची सही आहे का, चिठ्ठीवरची वेळ आणि गुन्ह्याच्या नोंदीतली वेळ जुळते का, त्या क्रमांकाच्या यंत्राचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं, हे प्रश्न विचारायला प्रतिभा लागत नाही, सवड लागते. यंत्र रक्त मोजत नाही. ते श्वासातली वाफ मोजतं आणि श्वासातल्या अल्कोहोलच्या सुमारे २१०० पट अल्कोहोल तेवढ्याच रक्तात असतं, या गृहीतकावर आकडा काढतं. माणसामाणसांत हे प्रमाण थोडंफार बदलतं. नुकताच घोट घेतलेला असेल किंवा अल्कोहोलयुक्त माउथवॉशने चूळ भरलेली असेल, तर तोंडातलंच अल्कोहोल आकड्यात मिसळतं. म्हणून पंधरा मिनिटं थांबून फुंकर घेण्याची शिस्त जगभर सांगितली जाते. आकडा ३४ असेल तेव्हा हा फरक निर्णायक असतो, १४० असेल तेव्हा नसतो. बचावाचा वकील दोन्ही ठिकाणी एकच ठरावीक उलटतपासणी करत असेल, तर न्यायाधीशांनी ती मनावर का घ्यावी?

श्वासाच्या चाचणीला अटकाव करणारा, फुंकर मारायला नकार देणारा अशील हा वेगळाच विषय. ‘स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही’ हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) मधलं वाक्य त्याला कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं असतं. पण मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या खटल्यात ११ न्यायमूर्तींच्या पीठाने १९६१ मध्येच सांगितलं, की बोटांचे ठसे, हस्ताक्षराचे नमुने देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे. श्वास आणि रक्त याच ओळीत येतात. उलट कलम २०३ खाली नकारामुळे विनावॉरंट अटक होऊ शकते आणि कलम २०५ खाली, सबळ कारण नसेल तर, तो नकार सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी गोष्ट मानला जाऊ शकतो. चाचणी द्यावी, आणि ती कशी घेतली हे तपासावं. तपासण्याचा हक्क मोठा आहे. नकाराचा तसा नाही.

आता रक्ताची बाटली. महाराष्ट्रात १९५९ चे दारूबंदी कायद्याखालचे वैद्यकीय तपासणीचे आणि रक्तचाचणीचे नियम आहेत, आणि ते वाचताना लिहिणाऱ्याने प्रत्यक्ष टेबलापाशी उभं राहून लिहिल्यासारखं वाटतं. रक्त काढताना कोणत्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होता कामा नये, म्हणजे कातडी पुसायलाही नेहमीचा स्पिरिटचा बोळा चालत नाही. रक्त गोठू आणि सडू न देणारा पदार्थ असलेल्या कुपीत ते ओतायचं, कुपी हलवायची, लेबल लावायचं, झाकणावर लाख आणि डॉक्टरांची मोहोर. सोबत ठरलेल्या नमुन्यातला फॉर्म. रात्री अडीच वाजता ग्रामीण रुग्णालयातला एकटा वैद्यकीय अधिकारी, एकीकडे बाळंतीण आणि दुसरीकडे पोलिसांनी आणलेला दारुडा सांभाळत हे सगळं करतो. त्याच्याकडून चूक होते तेव्हा दोष एकट्याचा नसतो. पण चुकीची किंमत मोजली जातेच.

ती कशी, हे वांद्र्यातल्याच दोन खटल्यांतून दिसतं. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे कार्टर रोडवर एक गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात जणांचा जीव गेला, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल निघालं. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाचं कलम लावून सहा महिन्यांची शिक्षा दिली, तेव्हा लोक हादरले. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाच्या कलम ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली ती तीन वर्षांवर नेली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम केली. रक्ताचा अहवाल शेवटपर्यंत टिकला.

त्याआधी, २८ सप्टेंबर २००२ ला, हिल रोडवर अभिनेता सलमान खान याच्या गाडीखाली एक जण ठार आणि चार जखमी झाल्याचं प्रकरण घडलं होतं. अहवालात ६२ मिलिग्रॅम होतं. पण डॉक्टरांनी सहा मिलिलिटर रक्त घेतल्याचं सांगितलं आणि कलिन्याच्या प्रयोगशाळेत चार मिलिलिटर पोचल्याची नोंद निघाली. दोन दिवस नमुना कुठे, कसा ठेवला होता, हेही बचावाने विचारलं. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली; १० डिसेंबर २०१५ ला मुंबई उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. कारणं अनेक होती. रक्ताच्या नमुन्याबद्दलचा संशय त्यांतलं एक. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. समाजाने तेव्हा वकिलांवर राग काढला. तो अस्थानी होता. दोन मिलिलिटर कुठे गेले, हा प्रश्न विचारणं वकिलाचं कर्तव्यच होतं. त्याचं उत्तर देणं तपास यंत्रणेचं काम होतं, आणि ते न दिल्यामुळे फुटपाथवर मेलेल्या माणसाच्या घरच्यांना दोषसिद्धी पाहायला मिळाली नाही. मृताच्या बाजूने उभं राहायचं असेल तर कुपीवरच्या लाखेची काळजी करावी लागते.

पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ ला पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचे बळी घेतले, त्यानंतर ससून रुग्णालयात रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली. खटला संपलेला नाही, म्हणून त्यावर इथे निवाडा नको. शरीर मात्र कुणाची वाट पाहत नाही. रक्तातलं अल्कोहोल दर तासाला ढोबळमानाने १५ मिलिग्रॅमने उतरत जातं. चार तास उशीर झाला, की ८० चे २० होतात आणि माणूस कायद्याच्या मर्यादेत येतो.

नमुनाच नसेल तर? सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात म्हटलं होतं, की तोंडाला दारूचा वास, लटपटती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या आणि असंबद्ध बोलणं एवढ्यावर, रक्ताची वा लघवीची चाचणी नसताना, माणूस दारूच्या अमलाखाली होता हे सिद्ध होत नाही. हा निवाडा आजही बचावाच्या प्रत्येक फायलीत असतो. पण विम्याच्या दाव्यात तोच वकील तोच निवाडा घेऊन गेला तर तोंडघशी पडतो. २००७ मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ चक्काचूर झालेल्या एका पोर्शेच्या विम्याचा वाद सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये निकाली काढला आणि चाचणी झाली नव्हती तरी परिस्थितीवरून चालक दारूच्या अमलाखाली होता असं मानून कंपनीचा नकार योग्य ठरवला. फौजदारीतल्या संशयाच्या फायद्याने विम्याचा दावा वाचत नाही. अशिलाला हे आधी सांगावं.

परवान्याबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत. कलम २०६ (४) खाली पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवतात आणि पोचपावती देतात. बऱ्याच जणांना वाटतं, पावती खिशात आहे म्हणजे गाडी चालवता येते. या पावतीवर येत नाही. कलमातच तसं म्हटलंय. अपात्र असताना चालवली, तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पण आरटीओची कारवाई म्हणजे नुसता शिक्का नव्हे. कलम १९ (१अ) प्रमाणे परवानाधारकाला म्हणणं मांडण्याची संधी द्यावीच लागते आणि त्यानंतर अधिकारी त्याला सोडूनही देऊ शकतो. अपात्र ठरवायचं तर सविस्तर कारणं लेखी द्यावी लागतात: पहिल्या गुन्ह्याला तीन महिने, पुन्हा घडल्यास परवानाच रद्द. आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं. आरटीओत सुनावणीला गेलेले वकील या सभागृहात किती असतील? नोटीस घरी येते, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडते आणि मुदत निघून जाते. परवान्यांच्या ‘सारथी’ पोर्टलवर नोंद झाली, की ती बांद्यापलीकडे गोव्यातही दिसते आणि गोंदियातही.

अटकेचं म्हणाल, तर पहिल्या गुन्ह्याचं १८५ जामीनपात्र आहे. जामीन हा इथे हक्क आहे, मेहेरबानी नाही. कलम २०२ सांगतं, की १८५ खाली अटक झालेल्याची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर त्याला ताब्यातून सोडावं लागतं. ही अट आरोपीचं आणि पुराव्याचं, दोन्हींचं रक्षण करते. उशीर झाला की आरोपीचा हक्कही जातो आणि रक्तातला आकडाही.

वरळीत ७ जुलै २०२४ च्या पहाटे एका बीएमडब्ल्यूने कोळीवाड्यातल्या दांपत्याच्या स्कूटरला धडक दिली आणि पत्नीचा जीव गेला. आरोपी दोन दिवसांनी हाती लागला. त्याच प्रकरणातून वर गेलेल्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ ला स्पष्ट केलं, की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागतील. लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगून, रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी ती लेखी हातात पडली पाहिजेत. संतापजनक प्रकरणातून आलेला हा हक्क उद्या शहाद्याच्या पावरी बोलणाऱ्या ट्रॅक्टरचालकाच्या कामी येणार आहे, जर त्याच्या वकिलाला तो ठाऊक असेल तर.

म्हणून या परिषदेपुढे तीन ठराव ठेवले आहेत. येत्या ३१ डिसेंबरपासून सणावारांच्या रात्री जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मदतीने प्रत्येक तालुक्यात एक वकील फोनवर हजर असावा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते, हे १९८७ च्या कायद्यातच आहे. कबुलीआधी अशिलाला वाचून दाखवायचा एक पानी मराठी मसुदा, ज्यात अपात्रतेचे महिने, दुसऱ्या गुन्ह्याची शिक्षा आणि विम्याची गोष्ट लिहिलेली असेल, तो प्रत्येक बार रूममध्ये लागावा. आणि रक्ताचे नमुने घेणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसोबत एक दिवसाची कार्यशाळा व्हावी, ज्यात सरकारी वकील आणि बचावाचे वकील एकाच बाकावर बसून १९५९ चे नियम वाचतील. पहिली कार्यशाळा जिल्हा रुग्णालयात घेण्याची तयारी शल्यचिकित्सकांनी दाखवली आहे. तारीख दुपारच्या सत्रात ठरवावी.