गाडी कुणाच्या नावावर?

मैत्रिणींनो, बारामती-इंदापूरकडे उसाचं बिल जमा झालं की घराघरांत गाडीचा विषय निघतो. नवी की जुनी? 2021 मध्ये चिपच्या टंचाईने नव्या गाड्या वेळेवर मिळेनात, तेव्हा जुन्यांचेही भाव चढले. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. म्हणून जुनीचा भाव ऐकला की तीच नवी आज कितीला पडते, ते आधी विचारा. टायर, विमा, दुरुस्तीही हिशेबात धरा.

पण त्याआधी मी विचारते, गाडी कुणाच्या नावावर? हप्ता बाईच्या दुधाच्या पगारातून जातो आणि आरसी बुकावर नाव नवऱ्याचं. हे किती दिवस चालायचं?

जुनी घेतलीत तर कर्जाचा बोजा उतरलाय का पाहा आणि 30 दिवसांत आरटीओत नाव बदलायला अर्ज द्या. आपली गाडी विकली तरी नाव बदललं का, हे तपासा. नोंद तशीच राहिली तर अपघाताची भरपाई नोंदणीतल्या मालकावरच येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिला आहे. तेव्हा कोऱ्या कागदावर सही करू नका. नाव लावून घ्या, आणि गाडी चालवायलाही शिका.