सायकलवरचा फ्रान्स

फ्रान्स पाहिला असं मी म्हणतो खरा, पण रांबुये ते ब्रेस्ट आणि परत, १,२०० किलोमीटर ९० तासांत, म्हणजे पाहायला सवड कुठली! ऑगस्ट २०१९ ची गोष्ट. मोठे घाट नाहीत म्हणून निर्धास्त होतो, फसलो. कापलेल्या गव्हाची शेतं, एक चढ, एक उतार, दिवसभर तेच. आपला घाट परवडला, निदान संपतो तरी! रात्री थंडीनं बोटं ब्रेकवर वळेनात. ब्रिटनीतल्या एका दगडी घरांच्या गावात पहाटे तीनला एक आजी दारात टेबल मांडून कॉफी देत होत्या. पैसे घेईनात. घरी पोचल्यावर कार्ड टाका, एवढंच खुणेनं सांगितलं.

परतीत लूदेआकच्या नाक्यावर पोचलो, तेव्हा वेळ संपली होती.

कार्ड टाकलं. त्यावर त्या वर्षीच्या आपल्या मूर्तीचा फोटो होता. पुरं झालं नाही, हेही लिहिलं.