तिकीट नसलेला प्रवास



दीक्षान्त समारंभात भविष्यावर बोलायचा रिवाज आहे, आणि भविष्य म्हटलं की वक्ता बहुधा वाहनांकडे वळतो. उडती मोटार, चालकाविना ट्रक, हवा काढलेल्या नळीतून सुटणारी गाडी. शिरपुरात उभं राहून ही यादी वाचायला जरा संकोच वाटतो. मुंबई-आग्रा रस्ता या गावाला खेटून जातो, त्यावर रात्रंदिवस ट्रक धावतात, आणि तरीही एवढ्या मोठ्या तालुक्याच्या गावाला आजवर रेल्वे नाही. गाडी धरायची तर तापी ओलांडून नरडाण्याला जायचं. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर मार्गाला मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर लांबी, ३० नवी स्थानकं, १८ हजार ३६ कोटींचा खर्च आणि २०२८-२९ पर्यंत काम पुरं करण्याचं उद्दिष्ट. धुळे, शिरपूर, सेंधवा या बाजूने तो जाणार आहे. म्हणजे तुमच्या नोकरीधंद्याच्या पहिल्या काही वर्षांतच इथलं जगणं आणि जाणं-येणं बदलायला लागेल. ते कसं बदलेल याचा अंदाज बांधायची एक रीत मला आज मांडायची आहे. गाडी किती वेगाने धावेल, हा प्रश्न थोडा मागे ठेवा. आज कोणाला, कशासाठी, मनाविरुद्ध वाट तुडवावी लागते, हे आधी विचारा.

ही रीत मी भावनेपोटी सुचवत नाही. आधीचे अंदाज कुठे फसले ते पाहिलं की ती आपोआप सुचते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. रेल्वेमागची सरकारी कल्पना कापसाची आणि फौजेची होती. लॉर्ड डलहौसीच्या त्याच वर्षीच्या टिपणाचा मुख्य भर व्यापार आणि लष्कर यांवर आहे. या देशातला गरीब माणूस पैसे मोजून गाडीत बसेल का, सोवळं सांभाळणारा माणूस परक्याच्या मांडीला मांडी लावून बसेल का, अशी शंका जाणकार म्हणवणारे घेत होते. घडलं उलटं. तिसऱ्या वर्गाचे डबे तुडुंब भरले आणि उतारूंपासून मिळणाऱ्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा त्याच तिकिटांतून येऊ लागला. तरी सोयी देताना हाच उतारू शेवटी राहिला. १९१७ साली गांधीजींना तिसऱ्या वर्गाच्या हालांवर वेगळी पुस्तिका लिहावी लागली. इंजिन, रूळ, घाटातले बोगदे, यात अभियंत्यांचा हिशेब फारसा चुकला नव्हता. गाडीत बसणार कोण, हेच अंदाज बांधणाऱ्यांना ओळखता आलं नव्हतं.

आपल्या घराजवळचं उदाहरण सुरतेचं. तापीकाठची रेल्वे आली ती इथला कापूस खाली नेण्यासाठी. पुढच्या काळात त्याच गाडीने धुळे, नंदुरबार, जळगावची माणसं यंत्रमागांवर आणि कारखान्यांत गेली, आणि आज उधना, लिंबायत, डिंडोलीत अहिराणी ऐकू येते, श्रावणात कानबाई बसते. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील नवसारीचे खासदार होऊन केंद्रात मंत्री झाले. रूळ टाकताना असं चित्र कोणी रंगवलं असेल, असं मला वाटत नाही. पण या स्थलांतराचं कौतुक करताना एक भेद विसरायला नको. एकाच बाकावर बसून सुरतेला गेलेल्या दोघांतला एक चांगल्या पगारासाठी गेला आणि दुसरा विहीर आटली म्हणून गेला. दोघांचं तिकीट सारखंच, भाडं सारखंच. रेल्वेच्या आकडेवारीत ते दोन उतारू आहेत, बस्स. भविष्याचा विचार करणाऱ्याला मात्र हे दोन वेगळे प्रवास आहेत. पहिला वाढावा, दुसरा कमी व्हावा. शिवाय काही प्रवास असे की त्यांचं तिकीटच निघत नाही: डोक्यावर हंडा घेऊन केलेली वणवण, सरपणाची वाट, बांबूच्या झोळीतून पाड्यावरून डांबरी सडकेपर्यंत आणलेली बाळंतीण. वाहतुकीच्या आराखड्यात यांचा रकाना सहसा नसतो.

२०२० या सालाबद्दल तर बोलायलाच हवं. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि वाय. एस. राजन यांनी १९९८ साली ‘इंडिया २०२०’ हे पुस्तक लिहिलं आणि त्यानंतर हे साल आपल्याकडे भविष्याचं टोपणनावच होऊन बसलं. ते साल उगवलं आणि करोनाच्या टाळेबंदीत मुंबई-आग्रा रस्त्याने, याच गावावरून, हजारो माणसं पायी उत्तरेकडे चालली होती. बिजासन घाटाशी, राज्याच्या सीमेवर त्यांची गर्दी अडली होती. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडलं. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले हे मध्य प्रदेशचे मजूर निघाले होते भुसावळकडे, कारण तिथून गावी जायला गाडी मिळेल अशी त्यांना आशा होती. देशात इंजिनं होती, रूळ होते, १ मेपासून श्रमिक गाड्याही सुटत होत्या. म्हणजे हा वाहनाचा तुटवडा नव्हता. गाडी कधी सुटणार, तिच्यात जागा कोणाला, परवाना कोणाकडून घ्यायचा, हे त्या माणसांपर्यंत पोचलं नव्हतं. कलामांच्या स्वप्नाला नावं ठेवण्यासाठी मी हे सांगत नाही. स्वप्न मोठंच होतं. पण स्वप्नातला भारत आणि रस्त्यावरून चालणारा भारत यांची गाठ घालून देणारी व्यवस्था आपण उभी केली नव्हती, आणि तिच्याअभावी माणसं मेली.

इथे कोणी म्हणेल, मोठी स्वप्नं पाहणाऱ्यांना अशी वेसण घातली तर नवं काही घडणारच नाही. हरकत रास्त आहे. कोकण रेल्वेचे बी. राजाराम यांनी कल्पिलेली स्कायबस, वरच्या रुळांना टांगून धावणारी, मडगावात उभी राहिली. सप्टेंबर २००४ मधल्या चाचणीत अपघात होऊन एका कर्मचाऱ्याचा जीव गेला आणि पुढे प्रकल्पच गुंडाळला गेला. तरी त्या प्रयत्नाबद्दल मला आदर आहे. ते आपल्या गर्दीच्या शहरांसाठी आपल्याच माणसाने शोधलेलं उत्तर होतं. हायपरलूपबद्दल, म्हणजे त्या हवा काढलेल्या नळीबद्दल, तितकं म्हणवत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबई-पुणे अंतर २५ मिनिटांत तोडण्याची घोषणा गाजावाजात झाली आणि २०२३ अखेर ती करणारी कंपनीच बंद पडली. त्या २५ मिनिटांची निकड नेमकी कोणाला होती, हे त्या उत्साहात फारसं कोणी विचारलं नाही. वेग वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. जानेवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका सुरू झाल्या; तिथे एकेका मिनिटाला किंमत आहे, कारण त्या गाडीत कोणी हौसेने बसत नाही. नंदुरबारमध्ये नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या पाड्यांसाठी तरंगता दवाखाना चालवला जातो. दिसायला ती साधी बोट, पण भविष्याची कल्पना म्हणून मी तिला त्या नळीच्या वर ठेवीन.

आणि आता ज्या कल्पनेमुळे शिरपूरचं नाव राज्यभर झालं तिच्याकडे येऊ. भूजल सर्वेक्षण यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ च्या सुमारास इथे काम सुरू केलं. इथले नेते अमरीशभाई पटेल आणि प्रियदर्शिनी सहकारी सूतगिरणी यांचं पाठबळ त्यांना मिळालं. त्यांनी सुरुवात केली ती जमिनीखालचे थर ओळखण्यापासून. तापीच्या गाळाच्या पट्ट्यात वाळूच्या थरांमध्ये चिकणमातीचे थर आहेत. ती माती पाणी खाली जाऊ देत नाही. बेसाल्टच्या भागात पाणी धरणारा भेगाळ खडक वरच्या आवरणाखाली झाकलेला आहे. म्हणून पाऊस पडतो, वाहून जातो, आणि विहीर कोरडीच राहते. उपाय असा की नाले रुंद आणि खोल करायचे, आडवा आलेला थर काढून टाकायचा, दारं नसलेले सिमेंट बंधारे एकामागे एक बांधायचे आणि जादा पाणी आटलेल्या विहिरींत सोडायचं. पाण्याच्या या कामाचा प्रवासाशी काय संबंध, असं कोणाला वाटेल. संबंध थेट आहे. विहिरीला उन्हाळ्यातही पाणी राहिलं तर हंड्याची वाट तुटते. दुसरं पीक निघालं तर शेतमजुराला गावातच काम राहतं, आणि मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत ऊस तोडायला जाणं ही त्याची निवड होते, नाइलाज राहत नाही. प्रवास कमी करणारी ही रचना वाहतूक खात्याबाहेर घडली, म्हणून तिला कोणी वाहतूक म्हणत नाही, एवढंच. तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तिथला भूगर्भ न पाहता राज्यात जागोजागी सरसकट नाले खणले गेले तेव्हा अभ्यासकांनी हरकत घेतली, आणि जलयुक्त शिवार अभियानातल्या खोलीकरणाविरुद्ध अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा मुंबई उच्च न्यायालयात गेले. ती हरकत मला पटते. ज्या कल्पनेचं बळच जागा ओळखण्यात आहे तिची नक्कल जागा न ओळखता केली, तर हाती फक्त खड्डा उरतो. शिवाय साठलेलं पाणी केळी आणि उसाने वाट्टेल तसं उपसलं तर तेही पुरणार नाही. जिरवण्याचा हिशेब मांडला तसा उपशाचाही मांडावा लागेल.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र निराळा आहे. प्रवास कमी करा म्हणणं म्हणजे माणसाला गावात डांबणं नव्हे का? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावाला संकुचित स्थानिकतेचं डबकं आणि जातीयतेचा अड्डा मानलं आणि आपल्या माणसांना शहराची वाट धरायला सांगितलं, ते उगाच नाही. गाव सोडता येणं हीच अनेकांच्या सुटकेची पहिली पायरी होती आणि अजूनही आहे. माझं उत्तर असं की सक्ती कमी करणं आणि वाट बंद करणं या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि याचा पुरावा आपल्या लाल बसमध्ये आहे. १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर सुरू झालेली एसटी आज विजेवरही धावते, पण तिच्यातले उतारू बदलले ते विजेने नव्हे. गावाकडच्या मुलींना शाळेसाठी बसचा मोफत पास मिळाला, मार्च २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटात राज्यात कुठेही जाता येऊ लागलं, आणि त्याच जुन्या, खडखडणाऱ्या गाड्यांत बायकांची गर्दी वाढली. माहेरी, बाजाराला, देवदर्शनाला, किंवा कोणाला कारण न सांगता. यावर महामंडळाच्या तोट्याचं काय, असा प्रश्न येतोच, आणि सवलतीची भरपाई सरकारने वेळेवर दिली नाही तर चालक-वाहकांचे पगार अडतात, हेही खरं. पण तो हिशेब तिजोरीचा आहे. तो सुधारण्यासाठी सवलत काढून घ्यायचं कारण नाही.

आता सगळं घरबसल्या होणार, मग प्रवासाची एवढी काळजी कशाला, असंही म्हणतात. संगणकावर काम करणाऱ्या तुमच्यापैकी काहींच्या बाबतीत ते खरं ठरेल. रावेर-यावलचं केळं मात्र मोबाइलवरून दिल्लीला जात नाही, आणि ते घडाघडाने ट्रकमध्ये भरणारा माणूसही घरून काम करू शकत नाही.

तर पुन्हा मनमाड-इंदूरकडे. या मार्गाबद्दल बोलताना आपण इंदूर किती तासांनी जवळ येईल ते मोजतो. माझ्या रीतीने मोजायचं तर प्रश्न वेगळे पडतात. स्थानक गावापासून किती लांब असेल, आणि बोराडी, सांगवी, पळासनेरहून तिथवर यायला बस असेल की काळीपिवळीच्या टपावर बसावं लागेल? पहाटेची पॅसेंजर धुळ्याला सरकारी दवाखान्याचा केसपेपर निघण्याच्या वेळेत पोचेल का? ३० स्थानकांपैकी किती ठिकाणी साधी गाडी थांबेल, आणि किती ठिकाणी जलद गाडी नुसती धूळ उडवून जाईल? ज्यांची ओलिताखालची जमीन रुळांत जाणार, त्यांना मोबदल्यासाठी किती खेटे घालावे लागतील, कारण तोही सक्तीचाच प्रवास आहे? याच मार्गाने पाड्यावरचा मजूर आणखी दूरच्या ऊसफडावर नेला जाणार असेल, तर त्याच्या मुलांची शाळा कुठे भरेल? यातल्या एकाही प्रश्नाला नवं यंत्र लागत नाही. वेळापत्रक लागतं, नकाशा लागतो, थरांची माहिती लागते आणि रकाने नीट आखणारा माणूस लागतो. स्थापत्य, संगणक, औषधनिर्माण, व्यवस्थापन, कोणत्याही शाखेची पदवी आज तुमच्या हाती पडलेली असो, यातला एखादा रकाना तुमच्या टेबलावर येणारच आहे.