गाडीच्या टपावरचं ऊन



घरात इलेक्ट्रिक गाडी घ्यायची चर्चा सुरू झाली, की कुणीतरी हमखास विचारतं, "एवढं ऊन पडतं आपल्याकडे, टपावर एक सोलर पॅनेल का नाही बसवत? चार्जिंगची कटकटच मिटेल." हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. युरोपात त्यापायी एक कंपनी दिवाळखोरीत गेली आणि दुसरीने आपली गाडी बाजारात आणायच्या आधीच सोडून दिली. त्यांच्याकडे येऊच, पण आधी हिशेब करू. कागद-पेन्सिल नको, तोंडी जमतो.

भर दुपारचं स्वच्छ ऊन एका चौरस मीटरवर साधारण 1000 वॉट शक्ती ओततं. चांगलं पॅनेल त्यातला पाचवा हिस्सा, फार तर थोडा जास्त, विजेत बदलतं. मध्यम गाडीच्या टपावर पॅनेलला जागा मिळते दीड चौरस मीटर. म्हणजे 300 वॉट. पुण्या-नाशिककडे निरभ्र दिवशी पाच तासांचं पूर्ण ऊन धरलं, तर झाली दीड युनिट वीज.

आता वजाबाकी. गच्चीवरचं पॅनेल आपण दक्षिणेकडे कलतं बसवतो. गाडीवर ते आडवं पडून राहतं. पॅनेल तापलं की त्याची वीज घटते, 25 अंशांच्या वर दर अंशाला 0.3 ते 0.4 टक्के. एप्रिलच्या दुपारी टपाला हात लावून पाहा. 65-70 अंशांवर गेलेलं पॅनेल पंधराएक टक्के तिथेच गमावतं. शिवाय त्यातले सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे विजेच्या खांबाची सावली पडली तरी नुकसान सावलीच्या आकारापेक्षा मोठं होतं. पुढे बॅटरीत भरताना थोडी गळती. हाती उरतं एक युनिट, फार तर सव्वा. तेवढ्यावर गाडी शहरात सात-आठ किलोमीटर जाईल. घरच्या दराने ही वीज दहा-बारा रुपयांची.

आणि हे सगळं गाडी दिवसभर उन्हात उभी केली तर! आपण तर उन्हाळ्यात झाड शोधत फिरतो. पॅनेलसाठी गाडी उन्हात ठेवायची आणि संध्याकाळी आतली भट्टी थंड करायला एसी सोडायचा, यात कमावलेल्या विजेतला बराच भाग एसीच खातो. ज्यांची गाडी इमारतीच्या तळघरात उभी असते, त्यांचा तर प्रश्नच मिटला.

उद्या याहून चांगलं पॅनेल आलं तर? समजा, पडलेल्या उन्हाचा कण न् कण विजेत बदलणारं पॅनेल कुणी शोधून काढलं, जे शक्य नाही. तरी त्या टपावर दीड किलोवॉटच मिळणार. महामार्गावर ताशी 90 ने धावणाऱ्या गाडीला पंधराएक किलोवॉट लागतात. गाडी अरुंद आणि भूक मोठी, अडचण तिथे आहे.

नेदरलँड्सच्या लाइटइयर कंपनीने हे ओळखून गाडीचाच आकार बदलला. टप, बॉनेट, मागचा भाग धरून 5 चौरस मीटर पॅनेल, आणि वारा अडू नये अशी निमुळती बांधणी. उन्हाळ्यात दिवसाला 70 किलोमीटर फक्त उन्हावर, असा दावा. किंमत अडीच लाख युरो! 2022 च्या अखेरीस उत्पादन सुरू झालं आणि जानेवारी 2023 मध्ये थांबलं. महिन्याभरात म्युनिकच्या सोनो मोटर्सनेही आपली 'सायन' गाडी रद्द केली. टोयोटा त्या मानाने सावध. जपानमधल्या 2017 च्या प्लग-इन प्रियसवर 180 वॉटचं पॅनेल होतं; कंपनीचाच आकडा दिवसाला सरासरी 2.9 किलोमीटर, कमाल 6.1. त्याआधीच्या एका प्रियसवर पॅनेलचं काम आणखी साधं होतं: उभ्या गाडीतली गरम हवा पंख्याने बाहेर काढणं. मला विचाराल तर तोच सगळ्यात शहाणा उपयोग.

पुण्याच्या वेव्ह मोबिलिटीने 'ईवा' ही इवलीशी गाडी दाखवली आहे. दोन मोठी माणसं आणि एक मूल मावेल एवढी. टपावरच्या पॅनेलवर वर्षाला 3000 किलोमीटरपर्यंत, असं कंपनी सांगते. म्हणजे रोजचे आठेक. हा आकडा मला पटतो, कारण गाडीच हलकी आहे, एका युनिटमध्ये ती मोठ्या गाडीपेक्षा बरीच लांब जाते.

हलकं, संथ आणि रुंद असं वाहन असेल तर मात्र चित्र पालटतं. केरळात वैकम ते तवणक्कडवू या जलमार्गावर जानेवारी 2017 पासून 'आदित्य' नावाची 75 प्रवाशांची नाव सौरऊर्जेवर चालते. तिच्या छपरावर 20 किलोवॉटची पॅनेलं आहेत. पाण्यावर घाई नाही, चढ नाही, आणि झाडाची सावलीही नाही. याउलट माथेरानच्या ई-रिक्षा घ्या. वेग कमी, पण तिथली झाडी इतकी दाट की टपावर पॅनेल बसवून काय उपयोग?

मग गाडीवाल्याने काय करावं? पॅनेल घराच्या छपरावर चढवावं. 3 किलोवॉटचा संच आपल्याकडे दिवसाला सरासरी बारा युनिट देतो, म्हणजे ऐंशीएक किलोमीटर. पंतप्रधान सूर्यघर योजनेत त्याला 78,000 रुपये अनुदान आहे. गाडी दिवसा ऑफिसात असते ही अडचण नेट मीटरिंगने सुटते: दिवसा वीज लाइनला द्यायची, रात्री परत घ्यायची. सोसायटीत राहणाऱ्यांना गच्चीसाठी सभेत हात वर करून घ्यावे लागतील. ते काम इंजिनिअरिंगपेक्षा अवघड आहे खरं, पण पार्किंगवर पॅनेलची शेड टाकली तर वीजही मिळते आणि गाडीला सावलीही.

एवढं सांगूनही टपावर पॅनेल असलेली गाडी आवडलीच, तर शोरूममध्ये फक्त पॅनेलचे वॉट विचारा. साध्या गाडीला दर 100 वॉटमागे दिवसाला दोन-अडीच किलोमीटर धरा, तेही गाडी उन्हात राहिली तर. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्या निम्मे.